अडतिसावा मैल

तीन आठवडे माझा बाप
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तीन रडार डिटेक्टरांची माहितीपत्रकं मांडून बसला होता,
चष्मा वर-खाली करत,
मुलीसाठी स्थळं बघावीत तसा.

एकाचा पल्ला मोठा, पण पावसात टिकत नाही.
दुसरा स्वस्त, आणि स्वस्तासारखाच बोंबलतो
कुठलंही सरकतं दार दिसलं की.
तिसरा महाग. काड्यापेटीएवढा.
त्याच्या तारेच्या टोकाला एक लाल दिवा, तिळाएवढा,
समोरच्या काचेच्या आत
नजरेच्या कडेला चिकटवायचा.
‘हाच,’ तो म्हणाला. ‘आवाज घेऊन मी काय करू?’

ऑरिन ट्वेट. तांब्याच्या खाणीवर
दगड दळायच्या गिरणीशेजारी एकतीस वर्षं.
डावा कान कंपनीने ठेवून घेतला,
उजवा चालतो वारा नसेल तेव्हा.
नेव्हाडात वारा नसतो कधी?

मी या काउंटीची डेप्युटी.
ज्यांच्यापासून वाचायला हे यंत्र विकतात
त्यांच्यातली एक.
‘घरचा भेदी कधी तरी कामाला यावा,’ म्हणत
रविवारी त्याने मला पाना धरायला बोलावलं.

सीट काढली. दोन बोल्ट, एक गंजलेला.
खाली उंदराने साठवलेले
मूठभर पिन्यनचे दाणे. ते त्याने खिशात टाकले, का कोण जाणे.
बॅटरीला थेट जोडू नकोस, मी म्हटलं,
रात्रभर पीत बसेल.
किल्ली फिरवल्यावर जिच्यात वीज येते ती तार शोध.
‘मला शिकवतेस,’ म्हणाला,
आणि टेस्टरची सुई नेमकी तिथेच टोचली.
दोन अँपिअरचा फ्यूज.
काळी तार फ्रेमला, रंग खरवडून.
लाल तार टाकीखालून,
इंजिनाच्या धगीपासून चार बोटं लांब,
हँडलच्या मानेपाशी जराशी सैल.
मग त्याने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं,
दोनदा, सावकाश,
तार कुठे ताणतेय का ते बोटाने चाचपत.
यंत्र डाव्या आरशाच्या दांड्यावर बसलं.
क्लचच्या तेलाची डबी मध्ये येत होती,
म्हणून सगळं सोडवून पुन्हा एकदा.
जेवण गार झालं.

सोमवारी ड्यूटीआधी दहा मिनिटं
मी अडतिसाव्या मैलावर, सेजच्या झुडपांआड.
पांढऱ्या मिठाच्या पठारावरून तो आला.
आधी ठिपका. मग दिवा. मग बाप.
मी रडार रोखलं.
लांबूनच त्याने हात वर केला: दिसलं.
माझ्या पडद्यावर आकडा, एकसष्ट.
हद्द सत्तरची.

त्याला थांबवलं. सवयीने लायसन्स मागितलं.
‘आयुष्यात तू सत्तरच्या वर गेला नाहीस.
चारशे डॉलर कशाला घातलेस?’
त्याने हेल्मेट काढलं, उजवा कान पुढे केला.
मी तेच पुन्हा ओरडले.

‘हालव्होरकडे आयडाहोला जायचं म्हणजे
साडेतीनशे मैल,’ म्हणाला.
‘एखादी गाय. एखादा ट्रक.
मध्येच कुणीतरी आपल्याकडे बघतंय
एवढं कळलं तरी पुष्कळ.’
मग आरसा हलवून म्हणाला,
‘थरथरतंय. अजून एक पट्टी आवळू का?’

बुधवारी निघाला.
गावाबाहेर पडायचा रस्ता औषधाच्या दुकानावरून जातो.
तिथलं सरकतं दार आमच्यासारख्याच लहरींवर चालतं,
महागातलं यंत्रही त्याला फसतं.
मी कोपऱ्यावर कॉफी घेऊन उभी होते, रडार बंद.
दार उघडलं,
ओडेसा पिकरिंग गोळ्यांची पिशवी सांभाळत बाहेर आल्या,
आणि काचेत तिळाएवढं लाल.

बापाने दाराला हात केला.
ओडेसाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि उलटा हात केला,
तो वळणाआड जाईपर्यंत.